अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नाटक लिहून होतं का?

अर्धवट_अंक (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न सरळ आहे. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका लिहायचो. भरत नाट्य मंदिराबाहेर चहा पीत रात्रीतून प्रवेश बदलायचा आणि दुसऱ्या दिवशी तालमीत उभा करायचा, असे ते दिवस. आता वय चव्वेचाळीस, घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीला, मुलगी नववीत, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. डोक्यात एक दोन अंकी नाटक बरीच वर्षं घोळतंय. विषय पक्का, माणसं पक्की, पहिला अंक अर्धा लिहून झालाय आणि गाडी तिथेच अडलीय.

दिवसाकाठी फार तर अर्धा तास हाती लागतो. तोही कधी रात्री जेवणानंतर, कधी सकाळी कंपनीची बस येईपर्यंत. शनिवार-रविवार बँक, वाणसामान आणि लग्नं-मुंजी खातात. बसमध्ये वही उघडली की चांदणी चौक यायच्या आत मळमळायला लागतं.

ज्यांनी नोकरी-संसार सांभाळून काही मोठं काम केलंय (लिखाण, चित्र, गाणं, काहीही), त्यांना विचारायचंय: असल्या तुकड्यांत ते होतं का, की सलग वेळ काढावाच लागतो? 'आवड असली की सवड मिळते' हे कृपया कुणी लिहू नका. ते मला घरी फुकट ऐकायला मिळतं.

रिकामटेकडा

आवड असली की सवड मिळते.

(पहिला! दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

पहाटपक्षी

एका शब्दात उत्तर: पहाट. मी बँकेत आहे. पावणेपाचला उठून दीड तास लिहितो, तेव्हा ना फोन वाजतो ना दाराची बेल. रात्रीच्या मालिका सोडा आणि दहाला अंथरुणात शिरा. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. रोज साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला अडीचशे शब्द. न्याहारीच्या आत त्याचं दिवसाचं लिखाण आटोपलेलं असायचं. तुकडे-बिकडे सब झूठ आहे, शिस्त लागते.

आळूवडी

पहाटपक्षी, शिस्तीबद्दल आदर आहेच. पण तुम्ही लिहीत असता तेव्हा घरातले डबे कोण करतं? आमच्याकडे पहाट म्हणजे साडेपाचला कणीक, पावणेसहाला भाजी फोडणीला, सव्वासहाला लेकाला तिसरी हाक आणि पावणेसातला खाली स्कूलव्हॅनचा हॉर्न. या वेळात सुचतं पुष्कळ. लिहायला हात कुठून आणू? ते पिठाचे असतात.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं होतं. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. आता खरी गंमत ऐका. ही ९७ मिनिटं फक्त जे पुरुष काहीतरी करतात त्यांची. तसे पुरुष शंभरात साधारण सव्वीस! बायका शंभरात एक्क्याऐंशी. म्हणजे दर दिवशी कुणाचा तरी तीन तासांचा अंक आधीच दुसऱ्याच्या नावावर चढलेला असतो. त्यामुळे 'वेळ काढा' हा सल्ला देण्याआधी तो कुणाच्या खिशातून काढायचा तेही सांगत जा.

हिंजवडीग्रस्त

आळूवडी +१००. हे छापून सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावतो.

पहाटपक्षी

आळूवडीताई, डबे सौ. करते. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'उत्तर नंतर लिही, आधी उठून गॅस पेटव.' येतोच.

पेठेतला_पाहुणा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!

ट्रोलपचं आत्मचरित्र कुणी उघडलं तर बघा, त्याच पानावर त्याचा म्हातारा नोकर भेटेल. पहाटे कॉफी घेऊन उठवायचं काम त्याचं आणि त्यासाठी वर्षाला पाच पौंड जादा. तो एकदाही उशिरा आला नाही म्हणे. आपल्याला जे यश मिळालं त्यात सर्वांत जास्त देणं बहुधा याचंच लागतो, असं ट्रोलप स्वतःच लिहून गेलाय. शिस्तीचे गोडवे गाणारे त्या कॉफीवाल्याला बरोबर वगळतात.

जाता जाता, दुपारी एक ते चार ही वेळ पुणेकरांनी मुळात सर्जनशील कामासाठीच राखून ठेवली होती. झोपेचं बालंट नंतर आलं.

तिरपी_रेघ

मी चित्रं काढते. पोटापाण्यासाठी चिंचवडच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे. तुकड्यांचा प्रश्न मी सामान बदलून सोडवला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तैलरंगात काम करायचे. तास मिळाला तर त्यातली पंधरा-वीस मिनिटं इझल उभं करणं, पॅलेटवर रंग काढणं, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइनच्या वाट्या भरणं यात जायची. शेवटची तेवढीच ब्रश धुण्यात, कारण ब्रश तसाच ठेवला तर तो दुसऱ्या दिवशी खराटा होतो. मधे उरला तो वेळ चित्राचा. वर थर वाळायला काही दिवस लागतात, तोवर कॅनव्हास बेडरूममध्ये, टर्पेंटाइनचा वास पोराच्या उशीला आणि नवऱ्याच्या शिंका मला.

आता जवळ एक पत्र्याची डबी आहे, काडेपेटीहून थोडी मोठी, तिच्यात जलरंगाच्या बारा वड्या. दांड्यातच पाणी भरता येतं असा ब्रश, खिशात मावणारी वही आणि एक शाईचं पेन. पिंपरीला मेट्रोत बसले की सिव्हिल कोर्ट येईपर्यंत एक पान होतं. चेहरे काढत नाही, माणसांना कळतं आणि ती अवघडतात. हात काढते. पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून झोपलेल्या बायकांचे हात, मोबाइलवर अंगठा फिरवणारे हात, टिफिनच्या पिशवीवर ठेवलेले हात. वह्या भरल्या.

आता कडू भाग. चार फुटांचं जे चित्र मला करायचं होतं ते झालं नाही आणि या पद्धतीने होणारही नाही. तुकड्यांना मानवेल असंच काम तुकड्यांत होतं. त्यामुळे धागाकर्त्यांनी आधी ठरवावं, हे नाटकच हवंय की त्याची एकांकिका चालेल?

अर्धवट_अंक

तिरपी_रेघ, वर्मावर बोट ठेवलंत. एकांकिका नको, ती मला येते. हे दोन अंकांचंच आहे. मध्यंतराच्या आधी घरातला एक माणूस निघून जातो आणि दुसऱ्या अंकात बाकीचे त्याच्या खोलीचं काय करायचं यावर भांडतात. मधला पडदा काढला तर काही उरत नाही.

षड्ज

गाण्यात तर तुकडे अजिबात चालत नाहीत. आवाज तापायलाच वीस मिनिटं लागतात. मला मिळतो पाऊण तास, सकाळी साडेपाचचा. (आळूवडी, डबे सासूबाई करतात. त्यांचे उपकार मोजायला वेगळा धागा लागेल.)

माझी अडचण वेळेपेक्षा जागेची होती. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, भिंती पुठ्ठ्याच्या. पहाटे खर्ज लावला की सोसायटीच्या ग्रुपवर निरोप, 'कुणाच्या घरी पाण्याची मोटर अडकली आहे का?' शेवटी तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रियाज सुरू केला. काचा वर, मोबाइलवर तानपुरा, पट्टी काळी चार. पहिल्याच आठवड्यात वॉचमनकाकांनी काचेवर टकटक करून विचारलं, 'ताई, घरी काही झालंय का?' आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात, 'हळू बोला, मॅडमचं चालू आहे.'

आणि एक. दर शनिवारी गुरुजींपुढे बसायचं असतं. ते विचारत काही नाहीत, नुसतं ऐकतात. त्या भीतीने आठवडाभर जेवढं होतं तेवढं स्वतःच्या निश्चयाने कधी झालं नसतं.

रिकामटेकडा

'पाण्याची मोटर'. मेलो.

घाटमाथा

आळूवडींच्या पिठाच्या हातांवरून आठवलं. आपल्याकडे या प्रश्नाचं फार जुनं उत्तर आहे, जात्यावरची ओवी. हात दळतायत, तोंड मोकळं, रचना चालू. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांपासून सुरुवात करून या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त भरल्या. बहिणाबाई चौधरींचंच बघा. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि घरात राबता राबता रचलं, मुलाने, सोपानदेवांनी टिपून ठेवलं आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं. यातल्या एकीनेही 'वेळ नाही' म्हटलं नाही.

आळूवडी

घाटमाथा, म्हटलं नाही हे तुम्हाला कसं ठाऊक? दळणाचा जाच, सासरचा जाच, कामाने मोडलेलं अंग, निम्म्या ओव्या त्यावरच तर आहेत. ओवी सुंदर आहेच. पण म्हणून जात्याचं कौतुक नको. गिरणी आल्यावर बायकांनी जातं सुखाने कोपऱ्यात सारलं.

तरी तुमच्या म्हणण्यात एक तथ्य आहे. ओवी लहान असते आणि तोंडात राहते. कागद-पेन लागत नाही, मधेच दूध उतू गेलं तरी ती मोडत नाही. मी कविता लिहिते ती याच कारणाने, कथा लिहायला मला जमलंच नसतं. कणीक मळताना चार ओळी पाठ करायच्या, बसस्टॉपवर उतरवायच्या. म्हणजे तिरपी_रेघ यांचंच दुसऱ्या बाजूने झालं.

हिंजवडीग्रस्त

बोलून टाइप करा ना! मी कंपनीच्या बसमध्ये फोनवर कथा सांगतो. मान खाली घालावी लागत नाही, त्यामुळे मळमळ नाही. तोटे दोन. एक, फोन 'बाबा, तुम्ही गप्प बसा'चं 'बाबा तुम्ही गप्पा बसा' करतो आणि एका दुःखद प्रसंगाची वाट लागते. दोन, शेजारच्या सीटवर टेस्टिंगमधला एक सज्जन असतो. मी फोनला तोंड लावून हळूच म्हटलं, 'तू मला फसवलंस, मी सगळं वकिलाला सांगितलंय.' वाकडपर्यंत तो खिडकीला चिकटून बसला होता.

खगोलवेडा

मीटिंगमध्ये लिहा. थट्टा करत नाहीये. जयंत नारळीकरांची पहिली विज्ञानकथा अशीच सुरू झाली. अहमदाबादच्या एका परिषदेत वक्ता रटाळ निघाला, म्हणून त्यांनी तिथल्याच कागदांवर कथा लिहायला घेतली. मग मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवताना आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून ती उतरवून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे हेच गृहस्थ आपल्या पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारत होते आणि कथा-कादंबऱ्याही लिहीत होते.

आळूवडी

उतरवून कुणी दिली म्हणालात? :)

हिंजवडीग्रस्त

आमच्या मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवावा लागतो हो. आणि रटाळ बोलणारा बहुतेक वेळा मीच असतो.

निवृत्त_नाना

मी तीन वर्षांपूर्वी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. नोकरीत असताना दिवाळी अंकांना दरवर्षी एक-दोन कथा जायच्या. संपादकाचं पत्र यायचं, अमुक तारखेपर्यंत मजकूर हवा, मग दुपारच्या डब्यानंतरच्या वेळात फाइलीखाली कागद ठेवून लिहायचो. आता दिवसाचे चोवीस तास माझे आहेत. सकाळी कमला नेहरू पार्क, मग पेपर, मग दुसरा पेपर. दुपारी जरा पडतो. संध्याकाळी कट्ट्यावर 'आता निवांत कादंबरी घेणार आहे' असं सांगतो, ते ऐकायला आता कुणी थांबत नाही. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या दोनशे पानी वह्या कोऱ्या आहेत, त्यांच्या कडा मात्र पिवळ्या पडल्या.

तेव्हा धागाकर्त्याने सलग वेळेची फार आस धरू नये. माझ्याकडचा थोडा पाठवू का?

नवी_पेठ

मी अभ्यासिकेत खुर्ची घेतली आहे. सदाशिव, नारायण, नवी पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, एमपीएससीची मुलं बसतात तिथे. महिन्याचे हजार-बाराशे रुपये, एक टेबल, डोक्यावर ट्यूबलाइट, भिंतीवर भारताचा नकाशा आणि 'मोबाइल सायलेंट ठेवावा'. ऑफिस सुटल्यावर घरी जायच्या आधी तास-दीड तास बसतो. घरी टेबल आहे, पण त्या टेबलावर बसलेल्या माणसाला गॅसचा नंबर लावायला सांगता येतं. इथे आजूबाजूला तीस पोरं मान मोडून वाचत असतात, आपल्याला फोन काढायची लाज वाटते.

शेजारच्या मुलाने एकदा अदबीने विचारलं, 'सर, कुठल्या पोस्टचा अभ्यास?' म्हटलं, कादंबरी लिहितोय. तो म्हणाला, 'असू दे सर, पुढच्या वर्षी होईल.'

(आळूवडींच्या आधी मीच सांगतो: त्या दीड तासात मुलांकडे बायको बघते. बदल्यात रविवार दिवसभर मुलं माझ्याकडे आणि ती गिर्यारोहणाच्या ग्रुपबरोबर बाहेर. हा व्यवहार नीट भांडून ठरवला, कॅलेंडरवर लिहिला. न बोलता घेतलेला वेळ टिकत नाही असं माझं मत.)

पहाटपक्षी

नवी_पेठ, हे कॅलेंडरचं आमच्याकडे मंगळवारपासून लागू झालंय. उपमा येऊ लागला. गुठळ्या आहेत.

टाका_दोरा

मी गोधड्या शिवते, हाताने. मोठी गोधडी महिनोन् महिने चालते, म्हणजे दोन अंकी नाटकच म्हणा. जुन्या सुती साड्यांचे थर ताणून कच्चे टाचून घेतले की कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. टाचायला सलग दुपार लागते, जमीन मोकळी लागते, मदतीला दुसरं माणूस लागतं. ते मी सुट्टीच्या दिवशी नणंदेला बोलावून करते. पुढचे टाके मात्र दहा मिनिटं मिळाली तरी पडतात.

उठताना मी एकच पाळते. सुई रिकामी ठेवायची नाही. दोरा ओवून, गाठ मारून, पुढचा टाका जिथे पडायचा तिथेच टोचून ठेवते. परत बसल्यावर चष्मा शोधा, दोरा शोधा, कुठवर आलो ते बघा, यात पाव तास गेला तर उरलं काय?

विंगेत_उभा

टाका_दोरा यांनी माझं काम निम्मं केलं. हौशी नाटकं करतो, लिहिणारे पुष्कळ पाहिलेत, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो.

अर्धवट_अंक, नाटकात दोन वेगळी कामं असतात आणि तू ती एकाच अर्ध्या तासात करायला बघतोयस. एक म्हणजे रचना: कुणाला काय माहीत आहे, ते कधी उघड होतं, माणूस कुठल्या दाराने येतो आणि त्याच वेळी आत कोण असतं. हे तुकड्यांत होत नाही, कारण दोन्ही अंक एकदम डोक्यात धरावे लागतात. दुसरं म्हणजे संवाद. त्याला अर्धा तास भरपूर झाला. तू पहिल्या अंकाच्या मध्यावर अडलास याचा अर्थ मला तरी असा दिसतो की दुसऱ्या अंकाची रचना झालेलीच नाही. 'खोलीचं काय करायचं यावर भांडतात' हा विषय झाला. भांडण सुरू कोण करतं? संपतं कुठे? जो गेला त्याचं काही सापडतं का त्या खोलीत?

म्हणून दोन दिवस रजा टाक. रजा मधल्या वारी, बुधवार-गुरुवार. शनिवार-रविवार पाहुण्यांचे असतात. प्रत्येक प्रवेशाची एक चिठ्ठी कर, भिंतीला चिकटव आणि हलवत बस. त्या दोन दिवसांत एक ओळ संवाद लिहू नकोस. सगळा सांगाडा उभा राहिला की मग रोजचा अर्धा तास कामाला येईल. उठताना पुढच्या माणसाचं पहिलं वाक्य लिहून उठायचं. ती तुझी ओवलेली सुई.

दुसरं, तारीख लाव. आमची मंडळी राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात. प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र आणावं लागतं, त्यामुळे आमच्या लेखकाला 'बघू' म्हणायची सोयच नसते. षड्ज यांचा शनिवार, नानांच्या संपादकाचं पत्र, सगळं त्याच जातीचं. तुझ्यामागे कुणीच लागलेलं नाही, म्हणून वाचन ठेव. घरी आठ-दहा माणसं बोलाव आणि पहिला अंक मोठ्याने वाच. अर्धा असला तरी चालेल, ऐकणारे कुठे जांभया देतात ते कळतं.

तिरपी_रेघ

चिठ्ठ्यांची कल्पना मी चोरते आहे, त्या चार फुटी चित्रासाठी. त्याचा आराखडा वहीत होऊ शकतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रंग दिवाळीच्या सुट्टीत.

अर्धवट_अंक

सगळ्यांचे आभार. काल रात्री चिठ्ठ्या करून बघितल्या. पहिल्या अंकाच्या अकरा झाल्या, दुसऱ्याच्या तीन. विंगेत_उभा यांचं निदान बरोबर आहे, हे सांगायला आता आणखी वेळ घालवत नाही.

रजा टाकली. बुधवारी आईला फिजिओथेरपीला नेणं बहिणीने घेतलं, त्या बदल्यात पुढच्या महिन्यात तिच्या भिशीचा स्वयंपाक माझ्याकडे. (आळूवडी, नोंद घ्यावी.) वाचन पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा, कोथरूड. यायचं असेल त्यांनी निरोप टाका, पत्ता कळवतो. पार्किंग नाही.

आळूवडी

नोंद घेतली. मी येते. चहा-पोहे कोण करणार ते आधी कळू दे.

अर्धवट_अंक

मी. कांदे मुलगी चिरेल, तिने दर कळवलाय.

विंगेत_उभा

पात्रं किती? वाचायला माणसं वाटून देता येतील.

अर्धवट_अंक

सहा. चार पुरुष, दोन स्त्रिया. पुरुषांत एक म्हातारे आजोबा आहेत. पहिल्या अंकात त्यांना वाक्यं जवळजवळ नाहीतच, पेपर घेऊन नुसते बसून असतात.

निवृत्त_नाना

ही भूमिका दुसऱ्या कुणाला देऊ नये. माझी तालीम तीन वर्षांपासून चालू आहे.